आधी बोट लावून पाहा, पाणी काचेच्या कुठल्या बाजूला आहे

गोव्यातल्या वाळपईहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "पहाटे साडेपाचला स्कूटर काढते. होंड्यापर्यंत पोचते न पोचते तोच हेल्मेटची काच पांढरी होते. काच वर केली की गार वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहतं, किडे-पाखरं आत शिरतात. खाली केली की समोरचं दिसत नाही. त्यात मला चष्मा. दुकानातून अँटीफॉग स्प्रे आणला, तो चार दिवस चालला. आता हाफ हेल्मेट घेऊ का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. काच धूसर होते म्हणून हनुवटी उघडी टाकणारं हेल्मेट घेऊ नका. जबड्याला वाचवणारा भाग फुल-फेसमध्येच असतो आणि धुक्याचा बंदोबस्त त्याच हेल्मेटमध्ये करता येतो. मी गेली 20 वर्षं फोंड्याला हेल्मेट, रेनकोट, ग्लोव्हज विकतो आणि महिन्यातून दोनदा तरी चोर्ला घाटाने बेळगावला गाडीवरून जातो. डिसेंबर-जानेवारीत दुकानात येणारा दर तिसरा-चौथा माणूस हीच तक्रार घेऊन येतो. बहुतेकांना मी पहिल्या दिवशी काही विकत नाही, कारण पाणी कुठून येतंय हेच त्यांनी पाहिलेलं नसतं.

काचेवर जे बसतं ते पाणी. आपण श्वास सोडतो ती हवा साधारण 34 अंशांची आणि ओलाव्याने काठोकाठ भरलेली असते. अशा एका घनमीटर हवेत सुमारे 37 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. तुमच्या सत्तरी तालुक्यात जानेवारीच्या पहाटे हवा 17 अंशांवर आली असेल, तर ती घनमीटरला साडेचौदा ग्रॅमच धरू शकते. गाडी पळायला लागली की वारा काचेला बाहेरच्या हवेइतकं गार करतो. तुमचा श्वास त्या गार काचेला टेकला की जास्तीचं पाणी तिथेच उतरतं. माणूस शांत बसलेला असतानाही मिनिटाला सात-आठ लिटर हवा सोडतो, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास पाणी. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पातळ काचेला पांढरी करायला याचा थोडा हिस्साही पुरतो.

आणि पांढरी का होते? पाणी तर पारदर्शक असतं. ते बारीक बारीक थेंबांनी बसतं म्हणून. प्रत्येक थेंब उजेड वेगळ्या दिशेला वळवतो. समोरून ट्रकचा हेडलाइट आला की सगळी काच एकदम पेटल्यासारखी होते, हा अनुभव तुम्हाला रोज येत असणार. तेवढंच पाणी पसरून पातळ थर झालं तर आरपार दिसतं. म्हणून उपाय तीनच प्रकारचे: पाणी काचेपर्यंत पोचू द्यायचं नाही, काच गार होऊ द्यायची नाही, किंवा बसलेलं पाणी थेंब न होता पसरेल असं करायचं. बाजारातली प्रत्येक वस्तू आणि घरगुती प्रत्येक युक्ती यांपैकी एकात तरी बसते.

आता बोटाची परीक्षा. उद्या काच धरली, म्हणजे पांढरी झाली, की सुरक्षित जागा बघून गाडी रस्त्याच्या कडेला घ्या आणि काचेला बाहेरून बोट लावा. रेघ उमटली तर पाणी बाहेर आहे. नाही उमटली तर आत आहे. दोन्हींची कारणं वेगळी, औषधं वेगळी. बाहेरच्या पाण्यावर आतून स्प्रे मारत बसलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. तुमच्या बाबतीत मला वाटतं पाणी आतलं असावं, म्हणून आधी तेच घेतो.

गोव्यात आतल्या पाण्याचा एक मोठा साठा असतो आणि त्याकडे कुणी बघत नाही. तो म्हणजे हेल्मेटचं पॅडिंग. पावसाळ्यात भिजलेलं, नंतर घामाने ओलं झालेलं, आणि प्रत्येक वेळी तसंच स्कूटरच्या डिकीत कोंबलेलं. डिकीत ते वाळत नाही, नुसतं कुबटतं. पहाटे तुम्ही हेल्मेट डोक्यात घालता, डोक्याची ऊब लागते आणि गालांजवळचा तो ओला स्पंज वाफ सोडायला लागतो. म्हणजे श्वासाच्या जोडीला दुसरी वाफ, तीही डोळ्यांच्या अगदी बाजूने. हात लावून पाहा: गालाचं पॅड चिमटीत दाबलं की बोटाला गारवा जाणवतो का? जाणवला तर अजून काही विकत आणू नका.

बहुतेक फुल-फेस हेल्मेटचं पॅडिंग बटणांवर बसवलेलं असतं, ओढलं की निघतं. रविवारी ते काढा, कोमट पाण्यात थोडा शांपू घालून हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत पंख्याखाली दिवसभर ठेवा. कुळागराच्या कडेला घर असेल तर दोन दिवस धरा, कारण माडा-पोफळीखाली हवा हिवाळ्यातही ओली असते. रोज रात्री हेल्मेट घरात, उघड्या काचेने, आत वर्तमानपत्राचा चोळामोळा घालून ठेवा. सकाळी कागद किती मऊ पडलाय ते बघितलंत की रोज किती पाणी डोक्यावर घेऊन जात होता ते कळेल. लवकर वाळावं म्हणून सायलेन्सरवर किंवा चुलीजवळ मात्र ठेवू नका. आतला पांढरा थर्माकोल उष्णतेने आकसतो आणि अपघातात मार झेलण्याचं काम तोच करतो.

हेल्मेट घरात ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. रात्रभर अंगणात आरशावर अडकवलेल्या हेल्मेटची काच उघड्या आकाशाखाली हवेपेक्षाही गार होते. तिच्यावर दंव पडतं ते त्यामुळेच. अशी काच पहिल्या श्वासाला धरणारच. घरातल्या 23-24 अंशांतून निघालेली काच पहिले काही मिनिटं तरी साथ देते आणि तेवढ्यात हवा खेळायला लागते.

हवा खेळण्याबद्दल मला नेहमी एक शंका ऐकू येते: बाहेर एवढं धुकं, ती ओली हवा आत घेतली तर काच जास्तच नाही का धरणार? नाही धरत. बाहेरची 17 अंशांची हवा ओलाव्याने पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात घनमीटरला साडेचौदा ग्रॅमच पाणी आहे. हेल्मेटमध्ये येऊन ती 25 अंशांवर गेली की तिची क्षमता 23 ग्रॅमपर्यंत वाढते. म्हणजे तीच ओली हवा आत येऊन कोरडी ठरते आणि तुमच्या श्वासाची वाफ उचलून नेते. म्हणून हिवाळ्यात हनुवटीवरचा व्हेंट, म्हणजे हवा आत घेणारी खिडकी, पूर्ण उघडा ठेवा. तो बहुतेक हेल्मेटमध्ये हवा थेट काचेच्या आतल्या बाजूवर सोडतो. डोक्यावरचा आणि मागचा व्हेंटही उघडा ठेवा, म्हणजे आत आलेल्या हवेला मागून वाट मिळते. थंडी वाजते म्हणून लोक नेमके याच दिवसांत व्हेंट बंद करतात. थंडी वाजत असेल तर गळ्याला आणि छातीला ऊब द्या, व्हेंट उघडा राहू द्या. व्हेंटची जाळी खनिज पट्ट्यातल्या लाल धुळीने बुजलेली असते, तीही जुन्या टूथब्रशने साफ करा.

(जूनमध्ये हाच हिशेब उलटतो. बाहेर 25 अंशांची भिजलेली हवा घनमीटरला 23 ग्रॅम पाणी घेऊनच आत येते आणि आत फारशी तापत नाही, त्यामुळे नुसत्या व्हेंटवर पावसाळा निघत नाही. जानेवारीत चाललेला उपाय जुलैत फसला तर हेल्मेटला दोष देऊ नका.)

काचेची पहिली खाच वापरायला शिका. पुष्कळ हेल्मेटची काच पूर्ण बंद होण्याआधी एका बारीक टप्प्यावर थांबते, खाली काडीएवढी फट राहते. 30-40च्या वेगात, गावातून जाताना, चढावर, काच तिथे ठेवा. वेग वाढला, आत हवा खेळायला लागली की बंद करा. आणि थांबायच्या आधी काच उघडायची सवय लावा. उसगाव-तिस्कच्या नाक्यावर गाडी थांबते, हवा थांबते, श्वास चालूच असतो, आणि पुढच्या पाच-सहा श्वासांत काच जाते. वेग कमी करतानाच अंगठ्याने काच वर, निघताना पहिल्या खाचेवर, मग बंद. आठवडाभर मनात म्हणत करा, नंतर हात आपोआप करतो.

आता स्कार्फ. सत्तरीतल्या थंडीत बहुतेक जणी नाकावरून ओढणी किंवा स्कार्फ बांधून वर हेल्मेट घालतात. मला त्यामागची गरज कळते, पण ओढणी नाकावरून गेली की श्वासाला पुढे वाट उरत नाही. तो गालांवरून वर चढतो, आधी चष्म्याला आणि मग काचेला लागतो. ओढणी नाकाच्या खाली, हनुवटी आणि गळ्याभोवती घ्या. नाक झाकायचंच असेल तर वरच्या कडेला वाकणारी तार असलेला मास्क घ्या आणि तार नाकावर घट्ट दाबून बसवा, म्हणजे श्वास खाली जातो. हेल्मेटमध्ये नाकावर बसणारा रबरी पडदा असतो, तो निघून कुठेतरी पडला असेल तर शोधून परत लावा. चांगल्या हेल्मेटमध्ये तो सोबतच येतो आणि लोक तो अडचण म्हणून काढून टाकतात. काच धरायला लागलीय असं दिसलं की तोंडाने श्वास सोडू नका, नाकाने सोडा. नाकपुड्या खाली वळलेल्या असतात, हवा आपसूक हनुवटीकडे जाते.

तुमच्या स्प्रेबद्दल. तो चार दिवस चालला यात नवल नाही, तो तेवढाच चालतो. स्प्रे, साबण, शांपू, दाढीचा फेस, या सगळ्यांचं काम एकच: काचेवर असा थर ठेवायचा की पाणी थेंब न होता पसरेल. पण जे पाणी पसरतं तेच हळूहळू थर धुऊन नेतं. म्हणून घरचा बेबी शांपू दर दोन दिवसांनी वापरा, स्प्रेपेक्षा कमी खर्चात तेवढंच काम होतं. काच काढून कोमट पाण्याने आतून बाहेरून धुवा, पूर्ण वाळू द्या. बोटाच्या टोकावर शांपूचा एकच थेंब घेऊन आतल्या बाजूला सगळीकडे पसरवा. वाळला की धुतलेल्या जुन्या मऊ पंच्याने हलक्या हाताने पुसत राहा, काच डोळ्यांना स्वच्छ दिसेपर्यंत. दिसत नसला तरी थर तिथे असतो. जास्त लावला तर जास्त टिकेल असं मात्र नाही. मी एकदा दाढीचा फेस असाच जाड ठेवून चोर्ल्याला निघालो होतो. केरीच्या पुढे चढ लागला, कपाळाचा घाम त्यात मिसळला आणि डोळ्यांत उतरला. वळणावर दोन्ही डोळे मिटावे लागणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी अनुभवलं आहे. म्हणून थेंब एकच.

खोबरेल तेल लावू नका. त्यावर हेडलाइट तारे तुटल्यासारखे फुटतात. टूथपेस्टने काच चमकते असं सांगणारे भेटतील, ती खरं म्हणजे काच घासते. पेट्रोल, थिनर आणि अमोनियाचं ग्लास क्लीनर यांपासून तर लांबच राहा. आपण काच म्हणतो ती पॉलिकार्बोनेट, म्हणजे एक प्रकारचं कडक प्लास्टिक असते आणि अशा द्रवांनी तिला आतल्या आत बारीक तडे जातात. एक गिऱ्हाईक पेट्रोलने पुसलेली काच घेऊन आलं होतं, उजेडात धरली तर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसत होती. काच कोरडी असताना शर्टाच्या बाहीने पुसण्याची सवयही सोडा. आपल्याकडे तिच्यावर समुद्राचं मीठ आणि लाल धूळ असते, ती ओली न करता पुसली की ओरखडे पडतात, आणि त्या ओरखड्यांवर थेंब आधी बसतात. काच रोज धरते म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी नवी काच घ्या एवढंच सांगतो. ती वेगळी मिळते, हेल्मेटच्या मानाने स्वस्त असते, आणि आधीची किती खराब होती ते नवी लावल्यावरच कळतं.

रोजचे 50 किलोमीटर अंधारात जायचे असतील तर माझा कौल पिनलॉकला. ही काचेच्या आत बसणारी दुसरी पातळ पारदर्शक पट्टी असते. तिच्या कडेने सिलिकॉनची बारीक रेघ असते, त्यामुळे दोन काचांच्या मध्ये हवा अडकते. बाहेरची काच गार होते, मधली हवा ऊब धरते, आतली पट्टी गार पडत नाही. शिवाय ती पट्टी थोडा ओलावा स्वतःत शोषून घेते, त्यामुळे त्याचे थेंब बनत नाहीत. म्हणजे तीनपैकी दोन उपाय एका वस्तूत. 30, 70, 120 असे तिचे प्रकार येतात. आकडा जितका मोठा तितकी ती जास्त वेळ टिकाव धरते. आपल्या हिवाळ्याला 70 पुरेसा आहे. बेळगावकडे पहाटे नेहमी जाणं असेल तर 120 बघावा.

पण त्यासाठी तुमच्या काचेला दोन्ही बाजूंना छोट्या खुंट्या असायला हव्यात. नसतील तर तुमच्या मॉडेलसाठी खुंट्यांची काच मिळते का ते आधी विचारा. स्वतः भोकं पाडू नका, काच कमजोर होते. ज्यांना तशी काच मिळतच नाही त्यांच्यासाठी चिकटवायच्या पट्ट्या येतात, त्या बऱ्या चालतात, पण कडेला एक जरी बुडबुडा राहिला तर तिथून ओलावा शिरतो. पिनलॉक बसवताना काच सपाट होईपर्यंत ताणून धरावी लागते, एकाने ताणायची, दुसऱ्याने पट्टी खुंट्यांमध्ये अडकवायची. बसल्यावर उजेडात धरून सिलिकॉनची रेघ सगळीकडे अखंड टेकली आहे का पाहा. दोन काचांच्या मध्ये वाफ दिसली तर पट्टी खराब झाली असं लगेच समजू नका. खुंट्या एका बाजूला झुकलेल्या असतात, त्या थोड्या फिरवल्या की पट्टी घट्ट होते. तिच्यावरची संरक्षक फिल्म काढायला विसरू नका, आणि तिला शांपू, स्प्रे काहीही लावू नका. मळली तर कोमट पाणी आणि मऊ फडकं, घासायचं नाही. रात्री समोरच्या दिव्याची हलकी दुसरी प्रतिमा दिसते, त्याला दोन-तीन दिवसांत डोळे सरावतात.

चष्म्याचं दुखणं वेगळं आहे. काच स्वच्छ असूनही समोर धूसर दिसत असेल तर धरलेला चष्मा आहे, आणि पिनलॉकने तो सुटणार नाही. चष्मा थंडीतून आलेला नको, म्हणून तो आधी घरात घातलेला असू द्या, हेल्मेट घालताना काढा आणि लगेच आत सरकवा. भिंगांवरचा लेप बिघडू शकतो, म्हणून शांपू लावण्याआधी चष्म्याच्या दुकानात विचारा. चष्म्यासाठी वेगळी अँटीफॉग फडकी आणि द्रव मिळतात, ते चालतात. पण चष्म्याचं खरं औषध श्वासाची दिशा आहे: ओढणी खाली, नाकाचा पडदा जागेवर, आणि नाक्यावर थांबताना काच उघडी.

राहिलं बाहेरचं पाणी. खांडेपारच्या पुलावर किंवा चोर्ल्याच्या माथ्यावर धुकं असतं तेव्हा हवेतले तयार थेंबच काचेवर येऊन आपटतात. तिथे आतले उपाय काही करत नाहीत. डाव्या हाताच्या ग्लोव्हच्या अंगठ्यावर रबरी पट्टी असली तर ती एकदा वरून खाली ओढली की पुरतं. नसली तर मऊ कापडी ग्लोव्ह चालतो, कारण काच आधीच ओली असते. काचेचं बाहेरचं अंग स्वच्छ असेल तर 50च्या पुढे वारा थेंब बाजूला ढकलतो, पण धुक्यात 50ने जायला सांगण्याचं धाडस मी करणार नाही. वेग तेवढाच ठेवा जेवढ्यात दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल. हेडलाइट खालच्या बीमवर ठेवा, वरचा बीम धुक्यावरून परतून तुमच्याच डोळ्यांवर येतो.

बाहेरून काच धरण्याची एक वेगळीच वेळ तुम्हाला जूनमध्ये येईल. शिफ्ट संपवून एसीतून हेल्मेट घेऊन बाहेर आलात की गार काचेवर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी बसतं, आणि ते बाहेरच्या अंगालाही बसतं. तिथे काही करायचं नाही. दोन मिनिटं पार्किंगमध्ये काच उघडी ठेवून थांबा, ती हवेइतकी गरम झाली की पाणी स्वतःहून उडून जातं.

तुमच्यासाठी क्रम असा: या रविवारी पॅडिंग धुवा, व्हेंट साफ करा, ओढणी खाली घ्या, काच नीट धुऊन, वाळवून शांपूचा थेंब लावा, आणि आठवडाभर तसं जाऊन पाहा. निम्म्याहून अधिक जणांचं काम इथेच होतं. तरीही होंड्याजवळ काच धरली तर पिनलॉक घ्या, आणि दुकानात जाताना फोटो नेऊ नका, हेल्मेटच न्या. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या काचा दिसायला सारख्या असतात आणि पट्टी एकीलाच बसते.